मुद्रित कार्यक्रमांचे जतन : हार्ड डिस्क फॉरमॅट करताना

दूरचित्रवाणीवर पाहिलेला कार्यक्रम पुन्हा पाहण्यासाठी जपून ठेवावा, ही इच्छा व्हिडिओ कॅसेटइतकीच जुनी आहे. जपानमध्ये १९७६ साली व्हीएचएस पद्धतीची कॅसेट बाजारात आली. एका घरात मुद्रित केलेली कॅसेट शेजारच्या घरातील व्हीसीआरवरही बिनतक्रार चालत असे. आज कॅसेटची जागा तळहातावर मावणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कने घेतली आहे. तिच्यात शेकडो तासांचे कार्यक्रम मावतात. परंतु एका यंत्रावर भरलेली डिस्क दुसऱ्या यंत्रावर चालेलच, असे मात्र राहिलेले नाही.

याचा प्रत्यय बहुधा नको त्या वेळी येतो. नात्यातील कोणाची मुलाखत, मुलांनी भाग घेतलेला एखादा कार्यक्रम, असे काही सेट टॉप बॉक्सला जोडलेल्या डिस्कवर मुद्रित केलेले असते. त्याची प्रत काढावी म्हणून डिस्क संगणकाला जोडली, की वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल, अशा अर्थाची सूचना पडद्यावर झळकते. घाईत ‘होय’ म्हटले जाते आणि संग्रह गेला! वस्तुतः डिस्क बिघडलेली नसते. सेट टॉप बॉक्सने ज्या पद्धतीने तिच्यावर नोंदी केल्या, ती पद्धत त्या संगणकाला वाचता येत नाही, एवढेच त्या सूचनेचे कारण असते.

फॉरमॅट करणे म्हणजे काय, हे बँकेच्या ग्राहकाला समजणे अवघड नाही. डिस्क ही तिजोरी मानली, तर कोणती वस्तू कोणत्या कप्प्यात आहे हे सांगणारी खतावणी म्हणजे ‘फाइल सिस्टिम’. फॉरमॅट करताना जुनी खतावणी रद्द होऊन नवी कोरी खतावणी मांडली जाते. ‘क्विक फॉरमॅट’मध्ये केवळ खतावणी बदलते, कप्प्यांतील ऐवज त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांतील पूर्ण फॉरमॅट मात्र साऱ्या डिस्कभर शून्ये लिहितो. नेहमीच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर चुकून क्विक फॉरमॅट झालाच, तर तिच्यावर एक अक्षरही नव्याने लिहू न देता ती बाजूला काढावी. पुनःप्राप्तीच्या सॉफ्टवेअरने पुष्कळ काही परत मिळू शकते. मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात, त्याच डिस्कवर नव्हे.

खतावणीच्या प्रचलित पद्धती तीन. फॅट३२ ही १९९६ सालची. जवळजवळ प्रत्येक यंत्र ती वाचते, आणि हाच तिचा मोठा गुण. तिचा दोष असा, की एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी असू शकत नाही. पत्रे आणि छायाचित्रे यांना ही मर्यादा कधी जाणवत नाही, चलत्‌चित्राला मात्र लगेच जाणवते. वाहिनीचे प्रक्षेपण सेकंदाला ४ मेगाबिट या गतीने येत असेल, तर तासाला सुमारे १.८ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे साधारण २ तास २० मिनिटांनी मर्यादा गाठली जाते आणि तीन तासांचा चित्रपट एका फाइलमध्ये मावत नाही. ८ मेगाबिटच्या गतीला सुमारे ७० मिनिटेच पुरतात. काही यंत्रे अशा वेळी मुद्रणाचे तुकडे पाडतात, काही थांबतात. संगणकावरून प्रत करताना तर डिस्कवर भरपूर जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असे उत्तर मिळते आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो.

एनटीएफएस ही विंडोज एनटीबरोबर १९९३ साली आली. तिला फाइलच्या आकाराची अशी अडचण नाही. शिवाय प्रत्येक बदलाची आधी टाचणवहीत नोंद करण्याची तिची रीत असल्याने अचानक वीज गेली तरी खतावणी सहसा शाबूत राहते. अॅपलचे मॅक संगणक मात्र ही डिस्क वाचतात, तिच्यावर आपणहून लिहीत नाहीत. २००६ सालची एक्सफॅट मोठ्या फाइली घेते, विंडोज आणि मॅक दोहोंवर चालते. पण जुने सेट टॉप बॉक्स आणि दूरचित्रवाणी संच तिला ओळखतीलच असे नाही आणि टाचणवहीची सोयही तिच्यात नाही.

तेव्हा सर्वोत्तम पद्धत कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. ही डिस्क कोणकोणती यंत्रे वाचणार, हे आधी ठरवावे. जिच्यावर मुद्रण व्हायचे ती डिस्क सेट टॉप बॉक्सला हवी तशीच असली पाहिजे. पुष्कळ बॉक्स ती स्वतःच फॉरमॅट करून घेतात. म्हणून घरातील छायाचित्रे असलेली डिस्क बॉक्सला कधीही जोडू नये. प्रतींसाठी दुसरी डिस्क घ्यावी आणि ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवावी.

येथे एक अडसर आहे, आणि तो फॉरमॅटने दूर होणारा नाही. सशुल्क डीटीएच सेवांच्या बॉक्सवरील मुद्रण सामान्यतः कूटबद्ध असते. बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, तसाच हा प्रकार. फाइल संगणकावर उतरवली तरी दुसरी किल्ली त्या बॉक्समध्येच राहते. बॉक्स बिघडला वा बदलला, तर मुद्रण डिस्कवर असूनही उघडत नाही. डीडी फ्री डिशवरील कूटबद्ध नसलेल्या वाहिन्यांची गोष्ट वेगळी. यूएसबी मुद्रणाची सोय असलेल्या साध्या बॉक्सवर त्यांची फाइल बहुधा संगणकावरही चालते. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना सह्याद्री वाहिनीचा एखादा कार्यक्रम ठेवायचा असेल, तर हा मार्ग सोयीचा. पहिल्याच आठवड्यात पाच मिनिटांचे मुद्रण करून ते संगणकावर चालते का, हे पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट’ निवडावे. तत्पूर्वी डिस्कचे नाव आणि क्षमता दोनदा ताडून पाहावी, कारण शेजारची डिस्क निवडली जाणे ही नित्याची चूक आहे. ‘अॅलोकेशन युनिट’ आहे तसेच ठेवावे. नव्या डिस्कला एकदा पूर्ण फॉरमॅट केल्यास खराब भाग आधीच कळतो. एक टेराबाइटला त्यासाठी काही तास लागू शकतात. डिस्क २ टेराबाइटहून मोठी असेल तर विभागणीची पद्धत एमबीआर नव्हे, जीपीटी हवी. एक टेराबाइटच्या डिस्कवर संगणक ९३१ गिगाबाइट दाखवतो, त्यात कोणी फसवलेले नसते : कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

फाइल उतरवल्यावर ती आरंभी, मध्ये आणि शेवटी चालवून पाहावी. तोवर मूळ मुद्रण पुसू नये. डिस्क काढताना ‘सेफली रिमूव्ह’ची आज्ञा द्यावी, आणि वेष्टनावर चिठ्ठी लावावी : कोणत्या बॉक्सवर मुद्रित, फाइल सिस्टिम कोणती, शेवटची तपासणी केव्हा, आणि ठळक अक्षरांत, ‘फॉरमॅट करू नये’.