टेकडीची वाट आणि आमची कुत्री



आपल्या शाळेच्या फाटकाजवळ लिंबाखाली दोन कुत्री दिवसभर बसलेली असतात. ती कोणाची, असे पुष्कळजण विचारतात. ती आमच्या वस्तीवरची आहेत. पांढरा तो मोती आणि दुसरी काळी. आमची वस्ती टेकडीच्या पलीकडे आहे. डांबरी रस्त्याने फिरून यायचे तर लई लांब पडते, म्हणून आम्ही चार मुले रोज टेकडी ओलांडून येतो. येत्या जूनला वस्तीवरची आणखी दोन मुले पहिलीत बसणार आहेत. पण त्यांच्या आया म्हणतात, वाट धड दिसत नाही, पोरं चुकली म्हंजे? त्यासाठी ही माहिती लिहिली आहे.

प्रथम टेकडी कशी आहे ते पाहू. आपल्या पुरंदर तालुक्यातील काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झाला. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थराचा कडा उभा राहतो. ठिसूळ थराचा मुरूम होतो व तेथे सपाट पट्टी पडते. त्यामुळे टेकडी लांबून पायऱ्यांसारखी दिसते. हे कळले की वाटेचे निम्मे कोडे सुटते. खरी वाट पट्टीवरून आडवी जाते आणि कडा जेथे फुटून ढासळला असेल तेथूनच वर चढते. आपल्या टेकडीला असे दोनच कडे आहेत, म्हणजे नीट ध्यानात ठेवायच्या जागाही दोनच.

फसवते ती ढोरवाट. गुरे व शेळ्या चरताना उताराला आडव्या चालतात, म्हणून एकाखाली एक अशा पाच-सहा वाटा उमटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. माझ्या आज्याने ओळखायची खूण सांगितली. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या असतात, कारण जाता-येता माणूस कोयता चालवतो. शेळीच्या वाटेवर खाली मोकळे आणि वर घाणेरीची जाळी. तोंडाला काटे ओरबाडायला लागले, की समजावे ही वाट आपली नव्हे. तेथूनच मागे फिरावे. पुढे जाऊन बघू, असे म्हणू नये.

आता कुत्र्यांविषयी. कुत्रा वाट दाखवतो असे लोक म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. कुत्रा बुटका असल्यामुळे त्याला शेळीची वाटसुद्धा चांगलीच वाटते. ससा दिसला तर तो वाट सोडून पळतो. म्हणून चढताना माणसाने पुढे राहावे. मात्र परतताना त्याचा खरा उपयोग होतो. त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असते, आणि सकाळी आपण ज्या वाटेने आलो तिचा वास त्याला संध्याकाळी लागतो. श्रावणात ढग खाली उतरून दहा पावलांवरचे दिसत नाही, तेव्हा आम्ही मोतीच्या गळ्यात दोरी बांधून त्याच्या मागून जातो. पलीकडच्या अंगाला मोबाईलला रेंज नाही, हेही सांगून ठेवते.

ढग नसतील तर नैर्ऋत्येला बघावे. उंच तो पुरंदर, त्याच्या डावीकडचा बुटका तो वज्रगड. ही जोडी दिसली की आपण कोणत्या अंगाला उभे आहोत ते कळते.

उन्हाळ्यात कुत्र्याची काळजी घ्यावी लागते. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त तळपायांनाच येतो. त्यामुळे ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि अंग थंड करते. निरोगी कुत्र्याचे अंग मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट गरम असते. चैत्रात कातळावर तळहाताची मागची बाजू ठेवावी. सात मोजेपर्यंत ठेववली नाही, तर कुत्र्याचे पाय भाजणार. पावसाळ्यानंतर कुसळांचा त्रास होतो. कुसळाचे पिळदार शेपूट दंवाने ओले झाले की फिरते, आणि टोक आत घुसते. घरी गेल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान पाहावेत, नाहीतर तेथे पू धरतो. गोचिडीही तेव्हाच काढाव्यात.

मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी मुरमावर उघड्यावरच अंडी घालते. त्या दिवसांत माथ्यावर कुत्री दोरीनेच न्यावीत. दुसऱ्याच्या मेंढरांजवळही तसेच.

एका जागी उभे राहून, मागे सरत कुत्रे भुंकू लागले तर दगडाखाली फुरसे असू शकते. ते अंगाचे खवले घासून करवतीसारखा आवाज करते. तो ऐकला की थांबावे आणि लांबून वळसा घालावा.

बिबट्याबद्दल पालक हमखास विचारतात. पुणे जिल्ह्यात तो उसाच्या रानातही राहतो. अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याच्या खाण्यात सर्वांत जास्त कुत्री निघाली. म्हणजे कुत्रे बरोबर आहे म्हणून अंधारात जायला हरकत नाही, हा समज उलटा आहे. आम्ही सूर्य मावळायच्या आत घरी असतो, आणि थंडीत गुरुजी आम्हां चौघांना थोडे लवकर सोडतात.

आमच्या दोन्ही कुत्र्यांना रेबीजची लस टोचलेली आहे. तरी कोणतेही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. आमच्या कुत्र्यांना मात्र कोणी दगड मारू नये. जेजुरी आपल्या शेजारी आहे, आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच, असे आजा म्हणतो.

आता खुणांचे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी प्रत्येक वळणावर लगोरीसारखे दगड रचले. दगड उचलण्याआधी तो काठीने उलथून बघत होतो, फुरशासाठी. गुराख्यांनी त्यांतल्या काही लगोऱ्या नेम धरून पाडल्या. म्हणून आता उठून दिसणाऱ्या मोठ्या दगडांना चुन्याचे पट्टेही ओढले आहेत. पावसाने चुना धुऊन जातो, तेव्हा दरवर्षी दसऱ्याला पुन्हा लावावा लागेल. जेथे ढोरवाट फुटते तेथे दोन पट्टे, बाकी ठिकाणी एक. पट्टे आम्ही गुडघ्याएवढ्या उंचीवर काढले आहेत. मोठी माणसे म्हणतात, फार खाली झाले. पण पहिलीतल्या पोरांना तेवढेच दिसते, आणि जूनमध्ये गवत वाढायच्या आत त्यांना आम्ही दोनदा त्या वाटेने नेणार आहोत. तेव्हा पुढे ती दोघे चालतील, आम्ही आणि कुत्री मागून.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी