घटक ४ : सत्ता आणि संघर्ष – जात्यावरच्या ओवीत आणि कामाच्या ठिकाणी

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास,
• सत्ता आणि संघर्ष या संकल्पना भाषेच्या अंगाने स्पष्ट करता येतील;
• सर्वनामे, क्रियापदाचे अर्थ आणि प्रयोग यांच्या निवडीतून सत्तासंबंध कसे व्यक्त होतात, हे सांगता येईल;
• जात्यावरच्या ओवीतील आणि नारायण सुर्वे यांच्या कवितेतील संघर्षाचे स्वरूप ओळखता येईल;
• आपल्या कामाच्या ठिकाणी मिळणारी सूचना किंवा पत्र याच दृष्टीने वाचता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कवितेतील प्रतिमा व लय यांचा विचार केला. या घटकात कवितेकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. संघर्षाची कविता म्हटली की घोषणा, मोर्चा, आवेशपूर्ण शब्द आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण संघर्ष नेहमी मोठ्या आवाजात होत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही, आणि ज्याच्या हाती ती नाही त्याला आवाज चढवण्याची मुभा नसते. अशा वेळी संघर्ष व्याकरणात उतरतो. कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, वाक्याचा कर्ता कोणाला केले आहे, कोणाचे नाव वाक्यातून गाळले आहे, या लहान वाटणाऱ्या गोष्टींत तो सापडतो.

आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. म्हणून या घटकातील उदाहरणे कवितेतून आणि कामाच्या ठिकाणाहून अशी दोन्हीकडून घेतली आहेत. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत ही दोन ठिकाणे एकेकाळी एकच होती. आपल्या विवेचनाची सुरुवात तेथूनच करू.

४.३ जाते : कामाचे आणि कवितेचे ठिकाण

पिठाची गिरणी गावोगाव पोहोचण्यापूर्वी मावळपट्ट्यातील घराघरांत पहाटे जाते फिरत असे. नाचणी-वरई दळणे हे रोजचे, चुकवता न येणारे आणि बिनमोबदल्याचे काम होते. एकटी किंवा समोरासमोर बसून दोघी बायका खुंटा धरून दळत आणि त्या फेऱ्यांच्या लयीत ओवी गात. ही ओवी साधारणतः दोन ओळींची असते. तिला लिखित रूप नसते आणि बहुधा कवयित्रीचे नावही नसते.

या ओव्यांचे पद्धतशीर संकलन करण्याचे मोठे काम हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी केले. त्यांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांसह हे काम उभे केले, आणि पुढे ते महाराष्ट्राच्या इतर भागांतही पोहोचले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदल्या गेल्या. २०१७ पासून हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावरून वाचकांपुढे येत आहे.

आता या ओवीची परिस्थिती लक्षात घ्या. सासरी आलेल्या सुनेला दिवसभर उलट बोलण्याची सोय नसे. सासू, सासरे, दीर, नवरा हे सर्व तिला आज्ञा देऊ शकत. ती कोणालाही देऊ शकत नसे. मात्र पहाटे जात्यावर बसल्यावर तिला गाता येई, आणि गाण्यातून बोलता येई. दळण चालू असेपर्यंत तिला कोणी गप्प बसवत नसे, कारण गाणे हा त्या कामाचाच भाग मानला जाई. जे काम तिच्यावर लादलेले होते, त्याच कामाने तिला बोलण्याची जागाही दिली. ही गोष्ट या घटकाचा पाया आहे.

ती बोलते कोणाशी, हे पाहणेही महत्त्वाचे. ज्यांच्याविषयी तक्रार असते त्यांना ती सहसा थेट संबोधत नाही. ती दूर माहेरी असलेल्या भावाला किंवा आईला हाक मारते, समोरच्या दळणाऱ्या सखीला ‘बाई’ म्हणून सांगते, प्रत्यक्ष जात्याला देव मानून त्याच्यापाशी मन मोकळे करते. वनवास भोगणारी सीता तर अनेक ओव्यांत तिची सहभागिनी होते. सीतेचे दुःख सांगताना सासुरवासाचे दुःख सांगून होते आणि कोणी त्याला उलट उत्तर म्हणू शकत नाही. बोलणे एकाला आणि ऐकवणे दुसऱ्याला, या रीतीला आपल्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ असे म्हणतात. म्हण सासूच्या बाजूने तयार झाली आहे. ओवीत सुनेने तेच साधन आपल्या बाजूने वापरले.

याच ओव्यांत पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही आल्या. दलित स्त्रियांनी जात्यावर बाबासाहेबांना भाऊ, बाप, मार्गदाता म्हणून संबोधले. नात्याचा शब्द तोच राहिला, पण त्या शब्दाने उभे राहणारे घर बदलले.

४.४ सर्वनामांतील सत्ता

१९६० मध्ये रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दोन तत्त्वे मांडली : सत्ता आणि जवळीक. एकाने ‘तू’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ म्हणावे, असा असमान व्यवहार असेल तर तेथे सत्ता असते. दोघांनी एकमेकांना सारखेच सर्वनाम वापरले तर तेथे बरोबरी असते. मग ती ‘तू’ची जवळीक असो की ‘तुम्ही’ची परस्पर अदब.

मराठीत हे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण आपल्याकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. पुढील बाबी लक्षात ठेवा.

(अ) एकटे ‘तू’ पाहून निष्कर्ष काढू नये. आपण आईला ‘तू’ म्हणतो, वडिलांना मात्र अनेक घरांत ‘तुम्ही’ म्हणतो. विठ्ठलालाही ‘तू’च म्हणतो. उलट बाजूने काय येते, हे पाहिल्याशिवाय ‘तू’चा अर्थ ठरत नाही. साहेब शिपायाला ‘तू’ म्हणतो आणि शिपाई साहेबाला ‘तू’ म्हणू शकत नाही, तेव्हा ते ‘तू’ सत्तेचे असते.

(आ) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत मराठी स्पष्ट भेद करते. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. कामगार ‘आमची मागणी’ म्हणतात तेव्हा ते व्यवस्थापनाला बाहेर ठेवतात. व्यवस्थापन ‘आपली कंपनी’ म्हणते तेव्हा ते कामगारांना आत घेते. नफा वाटण्याच्या वेळीही ते त्यांना आत घेते का, हा प्रश्न वाचकाने विचारावयाचा असतो.

(इ) ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. ‘आपण जास्त काम करावे’ या वाक्यात बोलणारा स्वतःला धरतो की वगळतो, हे वाक्यावरून कळत नाही. ही संदिग्धता सत्तेच्या भाषेला सोयीची असते.

४.५ कर्ता कोठे गेला?

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून प्रयोगविचार हा आपल्या व्याकरणाचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. परीक्षेत प्रयोग ओळखण्यास सांगितले जाते. येथे तो कोणाच्या उपयोगी पडतो, हे पाहू.

भोर तालुक्यात भाटघर येथे बांधलेले धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे आपणास ठाऊक असेल. पुराची आठवण शहराने जपली. पण अशा धरणांच्या जलाशयांत ज्यांची शेते व घरे होती, त्यांच्याविषयी आपण सहज काय म्हणतो? ‘गावे पाण्याखाली गेली.’ हे वाक्य नीट पाहा. ‘जाणे’ हे अकर्मक क्रियापद आहे आणि ‘गावे’ हा त्याचा कर्ता. जणू गावे आपल्या पायांनी चालत पाण्यात गेली! आता ‘सरकारने गावे पाण्याखाली घातली’ असे म्हणून पाहा. घटना तीच, पण आता कोणीतरी निर्णय घेतला होता, हे दिसते. मग निर्णय का घेतला, मोबदला किती दिला, कोणाला विचारले, हे प्रश्नही विचारता येतात. पहिल्या वाक्याने ते प्रश्न जन्मालाच येऊ दिले नव्हते.

कार्यालयीन मराठीत ‘करण्यात आले’, ‘कळविण्यात येते’, ‘निदर्शनास आले’ अशा रचना सर्रास आढळतात. त्या सर्वच वाईट हेतूने येतात, असे समजू नये. कार्यालय हे व्यक्तीहून वेगळे असते. अधिकारी बदलला तरी आदेश टिकावा, म्हणूनही ही भाषा निर्वैयक्तिक असते. तथापि जेथे कोणाचे तरी नुकसान होत आहे, तेथे कर्ता गाळला असेल तर तो शोधणे हे वाचकाचे काम आहे.

४.६ सुर्वे यांची कविता : अदब आणि आज्ञा

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली आणि पुढे ते शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) आणि ‘जाहीरनामा’ (१९७५) हे त्यांचे महत्त्वाचे संग्रह. कामाचे ठिकाण त्यांच्या कवितेत पार्श्वभूमी म्हणून येत नाही. माणसे एकमेकांशी कशी बोलतात, यातून ते उभे राहते.

त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेत देहविक्रय करणारी एक आई मुलाचे नाव शाळेत घालण्यास येते. वडिलांचे नाव काय लिहावे, हा मास्तरांपुढचा प्रश्न आहे. ती मास्तरांना स्वतःचेच नाव लिहिण्यास सांगते. या प्रसंगाचे व्याकरण पाहा. मास्तरांविषयीची अदब ती सोडत नाही, आदरार्थी रूपेच वापरते. क्रियापद मात्र आज्ञार्थी ठेवते आणि बोलीचे उच्चारही बदलत नाही. रकाना शाळेचा, लेखणी मास्तरांची. पण त्या रकान्यात काय जावे, हे ती ठरवते. अदब आणि आज्ञा एकाच वाक्यात आल्यामुळे मास्तरांना तिच्यावर रागावताही येत नाही आणि तिला टाळताही येत नाही. ओवीतील सून आडून बोलत होती. येथे आई समोरासमोर बोलते. दोघींनीही हाती असलेल्या भाषेतच जागा शोधली आहे.

४.७ एक सूचना वाचू या

पुढील सूचना अभ्यासासाठी तयार केली आहे. पुणे–सातारा रस्त्यावरील एखाद्या कारखान्यात ती लागली आहे, असे समजा.

‘सर्व कामगारांना कळविण्यात येते की, येत्या १ तारखेपासून दुपारची सुट्टी अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांची करण्यात आली आहे. आपण सर्व एक कुटुंब आहोत. तरी आपण सहकार्य करावे. उशीर झाल्याचे निदर्शनास आल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल.’

चार वाक्यांत निर्णय घेणारा एकदाही कर्ता म्हणून आलेला नाही. दुसऱ्या वाक्यातील ‘आपण’ सर्वांना आत घेते; तिसऱ्या वाक्यातील ‘आपण’ फक्त कामगारांना उद्देशून आहे. शब्द तोच ठेवून मधल्या मध्ये व्यवस्थापन बाजूला झाले. शेवटच्या वाक्यात कुटुंबाचा उल्लेख संपून कारवाई येते. ‘करण्यात आली आहे’ या पूर्ण वर्तमानकाळामुळे विचारविनिमयाची वेळ निघून गेली, असे वाटते. प्रत्यक्षात १ तारीख अजून यावयाची आहे.

भाषेच्या आड आणखी एक गोष्ट राहिली. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या कलम ५५ ने सलग पाच तासांहून अधिक काम करवून न घेता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम घातला होता. अशी विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नव्हती. सूचनेत ‘सहकार्य’ हा शब्द आल्यामुळे हक्काचा प्रश्न स्वभावाचा प्रश्न झाला : जो ऐकतो तो चांगला, जो विचारतो तो कुटुंबाबाहेरचा.

आता उत्तर कसे लिहावे? रागाने लिहिलेले पत्र फाईलमध्ये लिहिणाऱ्याच्याच विरुद्ध जाते. पुढील नमुना पाहा.

‘माननीय व्यवस्थापक महोदय, सुट्टी कमी करण्याचा निर्णय कोणी व कोणत्या नियमाखाली घेतला, हे आम्हांस लेखी कळवावे. तोपर्यंत पूर्वीची अर्ध्या तासाची सुट्टी चालू ठेवावी, ही विनंती.’

अदब पूर्ण आहे. सूचनेतील ‘करावे’ हे विध्यर्थी रूपच येथे ‘कळवावे’, ‘चालू ठेवावी’ असे परत गेले आहे. ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ आले, आणि ‘कोणी’ या एका शब्दाने गाळलेला कर्ता वाक्यात परत आणला. एकट्याने सही करणे धोक्याचे असते, हेही आपण जाणता; म्हणूनच ‘आम्ही’ हे सर्वनाम व्याकरणात खरे असून भागत नाही, त्यामागे प्रत्यक्ष माणसे उभी असावी लागतात. भाषा न्याय मिळवून देईलच असे नाही. पण काय घडत आहे ते न कळता सही करणे आणि कळून सही करणे किंवा न करणे, यांत मोठे अंतर आहे.

४.८ सारांश

सत्ता ही भाषेत सर्वनामांच्या असमान वापरातून, क्रियापदाच्या रूपांतून आणि कर्ता गाळण्यातून व्यक्त होते. जात्यावरच्या ओवीत दुसऱ्याच कोणाला उद्देशून बोलण्याच्या रीतीने सत्तेला उत्तर दिले जाते. सुर्वे यांच्या कवितेत अदब राखून थेट आज्ञा केली जाते. कविता वाचताना जी नजर तयार होते, ती कामाच्या ठिकाणचे कागद वाचण्यासही उपयोगी पडते. कोणताही मजकूर वाचताना तीन प्रश्न विचारावेत : कोण बोलत आहे? कोणाला आणि कोणत्या रूपाने? कर्ता कोठे आहे?

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘एकटे “तू” पाहून निष्कर्ष काढू नये’ या विधानाचे आपल्या घरातील उदाहरणे देऊन स्पष्टीकरण करा.
२. ‘गावे पाण्याखाली गेली’ आणि ‘गावे पाण्याखाली घातली’ या वाक्यांतील फरक प्रयोग व कर्ता यांच्या आधारे सांगा.
३. ओवीतील सून आणि सुर्वे यांच्या कवितेतील आई यांच्या बोलण्याच्या रीतींची तुलना करा.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर स्त्रीकडून जात्यावरच्या दोन-तीन ओव्या ऐका. तिची परवानगी घेऊन त्या तिच्याच उच्चारांत लिहा. शुद्ध करू नका. प्रत्येक ओवीत कोणाला हाक मारली आहे आणि खरे सांगणे कोणाला आहे, ते नोंदवा. त्यानंतर आपल्या कामाच्या ठिकाणची एक सूचना घेऊन तीच नोंद करा. दोन्ही नोंदी संपर्क सत्रास सोबत आणाव्यात.