खाण सुरू होण्यापूर्वी विहीर मोजून ठेवू

डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील मुलांना लोहखनिजाच्या खाणी नव्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. पुढे डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. त्यांत शिरगाव-मये परिसरही आला. तेव्हा उघड्या खाणीचा पाण्याशी संबंध काय, ते समजून घेऊ.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने विहिरी आणि झरी जमिनीत मुरलेल्या पाण्यावर जगतात. डोंगरमाथ्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. त्यातून झिरपलेले पाणी पायथ्याशी वर येते. गंमत म्हणजे भुग्यासारख्या लोहखनिजाचा थरसुद्धा पाणी धरून ठेवतो. जिथे खनिज, तिथेच पाण्याचा साठा!

खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की चहूबाजूंनी त्यात पाणी येऊ लागते. खोदकाम चालू ठेवायचे तर ते पंपाने उपसावे लागते. जसजसा उपसा खोल जातो, तसतशी भोवतालची पातळी उतरते आणि विहिरी आटतात. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात हेच घडले व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

दुसरा प्रश्न मातीचा. एक टन खनिजासाठी साधारण अडीच-तीन टन टाकाऊ माती काढावी लागते. तिचे ढीग पावसात धुपतात. गाळ ओहोळात, शेतात आणि नदीत उतरतो. हा केवळ खाणपट्ट्याचा प्रश्न नव्हे. खांडेपार नदीवरील ओपा येथून फोंडा आणि तिसवाडीला नळाचे पाणी जाते, म्हणजे पणजीकरांचाही यात वाटा आहे.

आपल्या पालकांपैकी काहींची घरे खाणीच्या ट्रकांवर चालली, याची आम्हाला जाणीव आहे. खाण हवी की नको, हा वाद येथे घालायचा नाही. पण २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीत पालकांनी अहवालातील पाण्याचे प्रकरण जरूर वाचावे. त्यातील मोजमापे बहुधा पावसाळा वगळून एकाच ऋतूतली असतात. जानेवारीत भरलेली विहीर मे महिन्यात किती उतरते, हे त्यावरून कसे कळणार? आमच्या मते अशा एका आकड्यावर गावाने विसंबू नये. विहीर आटल्यावर 'पूर्वी पाणी होते' एवढे सांगून भागत नाही. तारखेसह नोंद लागते.

ती नोंद मुलेही ठेवू शकतात, मात्र घरातील मोठे माणूस सोबत हवेच. दोरीला वजन बांधून सोडावे, पाण्याला लागताच कठड्यापाशी दोरीवर खूण करावी व लांबी मोजावी. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाण्याची खोली मिळते. सकाळी, पंप लावण्यापूर्वीच मोजावे. दर महिन्याला एकदा, त्याच तारखेला. मे अखेरची आणि ऑक्टोबरची नोंद चुकवू नये. पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन रंग व गढूळपणाही लिहावा. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे भारतीय मानक सांगते. तो कागदी पट्टीने ढोबळमानाने कळतो. लोह व मँगनीजसाठी मात्र प्रयोगशाळाच हवी. वहीत प्रत्येक नोंदीखाली मोजणाऱ्याची आणि घरातील मोठ्यांची सही घ्यावी.