लाकडी तबक : हातची ओवाळणी

भाऊबीजेला बहीण तबक घेऊन ओवाळते व भाऊ त्यात ओवाळणी घालतो. ही ओवाळणी बाजारातून न आणता स्वतःच्या हातांनी घडवावी, असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते त्यांच्यासाठी लाकडी तबकाची कृती आम्ही येथे देत आहो. तबक दिसावयास साधे. परंतु त्यात सुतारकामाचा एक मोठा नियम दडलेला आहे. तो न पाळल्यास दिवाळीत सुबक दिसणारे तबक पुढील पावसाळ्यात सांध्यातून उकलते.

लाकूड वाळल्यानंतरही हवेतील ओलावा शोषीत व सोडीत असते. त्यामुळे तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्यात फारसा फरक पडत नाही; रुंदीत मात्र ते फुगते व आकसते. बेळगावकडील घरांत आषाढात दारे घट्ट बसतात, त्याचे कारण हेच. सागवान पुष्कळ स्थिर खरे. तरी त्यातील ओलावा चार-पाच टक्क्यांनी वाढला, तर ३० सें.मी. रुंद फळी दोन-अडीच मिलिमीटर रुंदावू शकते.

आता कृती पाहू. तबकाचे बाहेरील माप ४५ × ३० सें.मी. धरू. चौकटीसाठी १२ मि.मी. जाडीच्या पट्ट्या रंधून घ्याव्यात. लांब बाजू ५ सें.मी. उंच, तर आखूड बाजू मध्यभागी ८ सें.मी. उंच ठेवाव्यात. तेथे मुठीसाठी गिरमिटाने दोन भोके पाडून मधला भाग बारीक करवतीने कापावा. चार बोटे सहज जातील अशी १० सें.मी. लांबीची फट पुरते. चारही पट्ट्यांना आतून ६ मि.मी. रुंद व तितकीच खोल खोबण पाडावी.

तळासाठी ६ मि.मी. जाडीच्या दोन फळ्या कडेला कड लावून सरसाने जोडाव्यात. तंतू तबकाच्या लांबीच्या दिशेने असावेत. खोबणींसह आतील रुंदी २८.८ सें.मी. भरते, तळ मात्र २८.४ सें.मी. रुंदच कापावा. हीच ती मोकळीक. तळाला आखूड बाजूंच्या मध्यभागी सरसाचा एकेक थेंब द्यावा, अन्यत्र मुळीच नाही. म्हणजे तळ दोन्हीकडे सारखा हलतो व चौकटीवर ताण येत नाही.

सांधे सरस व बारीक चुकांनी पक्के करताना दोन्ही कर्ण मोजावेत. ते सुमारे ५४.१ सें.मी. व परस्परांशी समान असले, म्हणजे चौकट काटकोनात आहे.

शेवटी काचकागदाने तंतूंच्या दिशेने घासावे. हळदीकुंकवाच्या तबकाला लाखेचे पॉलिश शोभते; परंतु गरम पेल्याने त्यावर पांढरे वळ उमटतात. चहाच्या तबकाला जवसाचे पक्के तेल द्यावे. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत; त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला. तबक करताना भूमिती कर्णांत व पदार्थविज्ञान खोबणीत भेटते. विद्यार्थ्यांनो, तबक दिल्यावर वैशाखात व पुन्हा आषाढात त्या खोबणीतील फट मोजून पाहा. दोन मापांतील फरक हाच या धड्याचा पडताळा.