आयर्लंडच्या खेड्यांतील लोकसमजुती

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी सुट्टीत गावी गेले, तेव्हा आजीने मीठ-मोहऱ्या उतरवून माझी दृष्ट काढली. "हा सगळा अडाणीपणा आहे," असे मी तिला तोंडावर म्हटले. ती काहीच बोलली नाही. यंदा समाजशास्त्राच्या निमित्ताने आयर्लंडमधील लोकसमजुतींविषयी वाचताना तिचे ते गप्प राहणे पुन्हा पुन्हा आठवले. म्हणून हा लेख.

आयर्लंडचा शेतकरी बहुतांशी कॅथलिक. परंतु त्याचे श्रद्धाविश्व केवळ चर्चपुरते नव्हते. शेतांमधील जुन्या, गोल, मातीच्या गढ्यांत अदृश्य लोक राहतात, असा समज होता. पुस्तकांत त्यांना पऱ्या म्हणतात. पण चित्रांतल्या पंखवाल्या पऱ्या त्या नव्हेत. त्यांचे नाव घेणे टाळून लोक त्यांना 'भली माणसे' म्हणत. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, तसेच. वस्तुतः या गढ्या म्हणजे हजारएक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची तटबंद वस्तिस्थाने. तेथे नांगर घालू नये आणि एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाला कुऱ्हाड लावू नये, असा दंडक असे.

३१ जानेवारीच्या संध्याकाळी, संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या दिवशी, लव्हाळ्याचा क्रूस विणून घरात टांगीत. त्याने आग व रोगराई टळते, असे मानीत. १ मे रोजी घरातून विस्तव किंवा दूध बाहेर देत नसत. दिले तर वर्षभराच्या लोण्याची बरकत जाते, अशी धास्ती. घरात मृत्यू झाला की घड्याळ थांबवीत, आरसा झाकीत आणि प्रेताजवळ शेजारीपाजारी रात्रभर जागत. तंबाखू, गप्पा, गोष्टी, इतकेच नव्हे तर खेळही चालत. वरवर हे विचित्र वाटते. पण दुःखी कुटुंबाला त्या रात्री एकटे सोडायचे नाही, हाच त्यामागचा भाव दिसतो.

मात्र या समजुतींची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. 'भली माणसे' माणसाला पळवून त्याच्या जागी तोतया ठेवतात, असाही एक समज होता. १८९५ साली टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुणी आजारी पडली. "ही माझी बायको नव्हेच," असे म्हणत नवऱ्याने तिला जाळले. त्या वेळी तिचे वडील व नातेवाईक घरातच होते. सदोष मनुष्यवधाबद्दल नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली. उलट, १९९९ साली क्लेअर परगण्यात नव्या रस्त्याच्या आड येणारे असेच एक काटेरी झाड कथाकथनकार एडी लेनिहन यांनी आवाज उठविल्यावर वाचले. एकाच श्रद्धेने एक झाड राखले आणि एक बाई मारली. तेव्हा 'श्रद्धा की अंधश्रद्धा?' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. तिने कोणाचे रक्षण झाले व कोणाचा बळी गेला, हेही विचारावे लागते.

आता मला सर्वांत भावलेली गोष्ट. १९३५ साली आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात त्याने प्राथमिक शाळांतील मुलांनाच संकलक केले. सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनी, नेहमीच्या निबंधाऐवजी, आजी-आजोबांकडून ऐकलेल्या चालीरीती, औषधे व गोष्टी वहीत उतरवल्या. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपल्या आहेत. आयोगाच्या एकूण संग्रहाची २०१७ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदवहीत नोंद झाली. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांचे ते अक्षर! त्यांनी म्हाताऱ्यांना अडाणी ठरवले नाही, आधी ऐकून घेतले.

मीही दिवाळीच्या सुट्टीत शंभर पानी वही घेऊन आजीजवळ बसले. "दृष्ट काढताना काय पुटपुटतेस?" असे विचारले. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "लिहून काय करणार गं? तुला तर पटत नाही." मी म्हटले, "पटत नाही, पण मला ते हवंय." मग ती सांगू लागली. आतापर्यंत बावीस पाने भरली आहेत.