परीक्षकाचे परीक्षण

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् येथे सिटी युनियन बँकेचे मुख्य कार्यालय आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून या बँकेच्या नावाने पैसे पाठविण्याचे तीन खोटे आदेश गेले. एकूण रक्कम सुमारे २० लक्ष डॉलर होती. ती दुबई, तुर्कस्तान व चीन येथे जावयाची होती. आदेशांची पोच छापणारे यंत्र हल्लेखोरांनी आधीच बंद पाडले होते. दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारीस, सकाळी हिशेबाचा मेळ बसेना, तेव्हा प्रकार उघडकीस आला. दुबईची रक्कम तेवढी वाटेतच अडविता आली.

अशा वाटा चोरांआधी आपणच शोधाव्यात, म्हणून जाणत्या माणसाकडून आपल्याच संगणकयंत्रणेवर हल्ला करवून पाहतात. यास भेदन-चाचणी म्हणतात. मालकाची लेखी अनुमती ही तिची पहिली अट होय. अनुमतीवाचून केलेली तीच कृती गुन्हा ठरते. ज्ञात उणिवांची यादी एखादे तयार साधनही काढून देते. परंतु छपाईचे यंत्र मुके झाले तर ते कोणाच्या ध्यानात येईल, हा प्रश्न साधनास सुचत नाही. वस्तुतः २०१६ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लक्ष डॉलर गेले, तेव्हाही छपाईचे यंत्र असेच बंद पडले होते. कुशल परीक्षकास असे दाखले ठाऊक असतात.

पण परीक्षक कुशल आहे, हे कसे ओळखावे? विहिरीचे पाणी तपासून ‘दोष आढळला नाही’ असे कसून पाहणाराही लिहितो आणि मुळीच न पाहणाराही लिहितो. दोन्ही कागद सारखेच दिसतात. शिवाय आपल्या घराची सारी भगदाडे परीक्षकास कळलेली असतात. तेव्हा कौशल्याइतकाच त्याचा सचोटीशी संबंध येतो.

म्हणून ब्रिटनमध्ये २००६ साली ‘क्रेस्ट’ ही ना-नफा संस्था निघाली. ती दोन गोष्टी वेगवेगळ्या पारखते. व्यक्तीस परीक्षा द्यावी लागते, आणि तीत प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. कंपनीची कार्यपद्धती, गोपनीय माहितीची जपणूक व तक्रारींची व्यवस्था यांची छाननी निराळी होते. आपल्याकडे हे काम २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेकडे आहे. तिच्या नामिकेत येऊ इच्छिणाऱ्या लेखापरीक्षक संस्थांना प्रात्यक्षिक कसोट्या द्याव्या लागतात. नामिकेतील स्थान ठरावीक मुदतीचे असते व ते काढूनही घेता येते. केवळ लेखी परीक्षेवर दिलेल्या प्रमाणपत्रापेक्षा ही रीत मला अधिक विश्वसनीय वाटते.

तथापि नामिकेत नाव आहे, एवढे पाहून थांबू नये. प्रत्यक्ष चाचणी कोणत्या व्यक्तीने केली, कोणती यंत्रे तपासली, कोणती वगळली आणि कोणत्या तारखेस, हे अहवालात शोधावे. दुसऱ्या दिवशी बसविलेले नवे यंत्र त्या अहवालात असत नाही.