युद्धकाव्याचें परीक्षण कसें लिहावें?



युद्धकाव्यावर निबंध लिहावयास सांगितला म्हणजे पुष्कळ विद्यार्थी त्यांतील कथा सांगतात आणि शेवटीं ‘काव्य वीररसपूर्ण आहे’ असें लिहून लेखणी खालीं ठेवतात. ही स्तुति झाली, परीक्षण नव्हे. शाहीर राम जोशी यांच्या सोलापुरांत तरी पोवाड्याची परीक्षा याहून बरी व्हावी, म्हणून आम्ही एक उदाहरण घेतों.

तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा घ्या. ४ फेब्रुवारी १६७० रोजीं तो गड घेतांना तानाजी मालुसरे पडले. ॲकवर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ सालच्या संग्रहांत हा पोवाडा आहे. प्रथम तो मोठ्यानें वाचा, कारण पोवाडा ऐकण्यासाठीं रचलेला असतो. मग विचारा, लढाईच्या या गीताचा आरंभ कोठें होतो? रणांगणावर नव्हे. जिजाबाई पुत्राशीं फांसे खेळतात आणि डाव जिंकून सिंहगड मागतात. महाराजांचा निरोप पोहोंचतो तेव्हां तानाजींच्या घरीं रायबाच्या लग्नाची तयारी चाललेली असते. तें लग्न मागें ठेवून ते निघतात. बरोबर वृद्ध शेलारमामाहि निघतात.

येथें आपलें विधान सांपडतें : ‘शाहीर गडाच्या विजयाबरोबर घराची हानिहि मोजतो.’ असें एकच विधान आरंभीं स्पष्ट मांडावें आणि पुढील प्रत्येक परिच्छेदांत त्यास काव्यांतील एकेक पुरावा द्यावा. पुराव्यावांचून एकहि विशेषण लिहूं नये.

कोणी विचारील, ‘घोरपडीची गोष्ट खरी काय?’ सभासदानें १६९७ सालीं लिहिलेल्या बखरींत घोरपड नाहीं; मावळे वानरांप्रमाणें कडा चढले, असें तो सांगतो. तेवढ्यावरून शाहिरास खोटा ठरवूं नये. त्यानें ती कां आणली, हें शोधावें. कडा किती दुर्गम होता, हें घोरपडीमुळें श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. काव्य आणि इतिहास जेथें वेगळे होतात, तेथेंच परीक्षणास विषय मिळतो.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. हा पोवाडा मुलांजवळ बसून वाचावा. ज्या घरांतून कोणी सैन्यांत गेलें असेल, त्या घरास रायबाचें थांबलेलें लग्न समजावून सांगावें लागणार नाहीं. आपल्या मुलानें निबंधांत जयघोष लिहिला, तर त्यास इतकेंच विचारावें : ‘या जयाची किंमत कोणीं दिली, आणि शाहीर ती कोठें सांगतो?’ त्याचें उत्तर पोवाड्यांत शोधूं लागला, कीं त्याचें परीक्षण सुरू झालें.